नवे अ‍ॅप नंतर, आधी बंद रस्त्यांची एक खरी नोंदवही : नाशिकच्या यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. पोलिस आयुक्त, नाशिक शहर
मा. व्यवस्थापकीय संचालक, नाशिक महानगर परिवहन महामंडळ
तसेच कुंभमेळा प्राधिकरण आणि जिल्ह्यातील राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा व एसटी या खात्यांचे प्रमुख अधिकारी

विषय : रस्त्याची ताजी माहिती प्रवाशापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था

महोदय / महोदया,

सिंहस्थाच्या तारखा जाहीर आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मग २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला नाशिकची अमृतस्नाने, त्र्यंबकेश्वरचे तिसरे स्नान १२ ला. सगळी ऐन पावसाळ्यात. या निमित्ताने वाहतुकीच्या माहितीसाठी अ‍ॅप, एलईडी फलक, कॅमेरे, डॅशबोर्ड अशा खरेद्या होतील. त्यांना आमचा विरोध नाही. पण ही साधने ज्या माहितीवर चालायची, ती माहितीच विखुरलेली आहे. रस्ता बंद करण्याचा आदेश अधिसूचनेच्या पीडीएफमध्ये असतो, तो प्रत्यक्षात कधी बंद झाला हे वायरलेसवर असते, खोदकाम कुठे चालू आहे हे विभागीय कार्यालयाच्या परवानगीत असते, धरणातून किती पाणी सोडले हे जलसंपदाच्या संदेशात असते. प्रवाशाच्या हाती येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून पुसट झालेला फोटो, आणि त्यावर तारीख असली तरी वर्ष दिसेलच असे नाही. मागच्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीचे मार्ग यंदाही फिरतात ते त्यामुळेच.

आमची मागणी एकच आहे. बंद रस्ते, वळवलेले मार्ग, रस्त्यावरची कामे, पूर आणि बसफेऱ्या यांची एकच नोंदवही असावी. ती यंत्राला वाचता यावी, कोणालाही फुकट घेता यावी, आणि ती राखणाऱ्या कक्षाच्या हाती अधिकार असावेत. अ‍ॅप, फलक, रेडिओ, नकाशा कंपन्या या सगळ्यांनी तिच्यातूनच माहिती घ्यावी.

अधिसूचनेपासून सुरुवात करू. ती मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ११५ आणि महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१ चे कलम ३३ यांच्या आधारे निघते. कायद्याला तेवढे पुरते, नकाशाला पुरत नाही. समजा, कामदा एकादशीच्या रामरथ-गरुडरथ मिरवणुकीच्या दिवशी असे लिहिले : ‘मालेगाव स्टँडकडून पंचवटी कारंजाकडे जाणारा मार्ग दुपारी तीनपासून मिरवणूक संपेपर्यंत सर्व वाहनांसाठी बंद.’ वाचणाऱ्या नाशिककराला कळले. नोंद करणाऱ्याला मात्र प्रश्न पडतात. मालेगाव स्टँडचा नेमका कोणता कोपरा? उलट दिशेने येणारी वाहने चालतील का? ‘सर्व वाहने’ म्हणताना रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंबही धरले का? ‘संपेपर्यंत’ म्हणजे घड्याळात किती वाजेपर्यंत? पर्यायी मार्ग दिला आहे तो बसला पेलणारा आहे की फक्त दुचाकीला?

म्हणून रस्त्याचा तुकडा नावाने न देता नकाशावर रेघ ओढून द्यावा. रेघेच्या प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच अंकांपर्यंत असावेत, म्हणजे चूक मीटरच्या आत राहते. तीनच अंक ठेवले तर बिंदू पन्नास-साठ मीटर सरकू शकतो, आणि जुन्या नाशकात तेवढ्यात गल्ली बदलते. माहिती लिहिण्याच्या काही ठरलेल्या साच्यांत (फॉरमॅटमध्ये) अक्षांश आधी लिहितात, जिओजेसन या नकाशांच्या साच्यात रेखांश आधी. हा क्रम उलटा झाला की २० उत्तर, ७३.८ पूर्व इथला पंचवटीचा रस्ता थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन बंद होतो. तिथे कोणाची गैरसोय होत नाही, त्यामुळे तक्रारही येत नाही आणि चूक तशीच राहते. वेळेसोबत +०५:३० हा फरक लिहिलेला हवा. तो सुटला आणि सर्व्हरने वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून घेतली, तर सकाळी सहाला बंद होणारा रस्ता नकाशावर साडेअकराला बंद होतो.

शेवटची वेळ कधीच मोकळी सोडू नये. मिरवणूक कधी संपेल हे कोणालाच ठाऊक नसते, हे मान्य. म्हणून अंदाजे वेळ टाकावी, तिच्या पंधरा मिनिटे आधी कक्षाला इशारा यावा आणि जबाबदार अधिकाऱ्याने ती वाढवावी किंवा संपवावी. नोंदीच्या तीन अवस्था पुरतात : नियोजित, सुरू, संपली. जागेवरून खात्री झाल्याशिवाय ‘सुरू’ करायचे नाही.

जागेवरच्या अंमलदाराला मोबाइलवर फॉर्म भरायला लावू नका. एका हातात शिट्टी, दुसऱ्या हाताने बॅरिकेड ओढायचे, त्यात तो फॉर्म भरणार नाही आणि त्याची चूकही नाही. शहरातले वारंवार बंद होणारे दोन-तीनशे तुकडे आधीच आखून त्यांना क्रमांक द्यावेत. वायरलेसवर ‘सत्तेचाळीस बंद, एक बाजू’ एवढे म्हटले की कक्षातला माणूस नोंद सुरू करील. ‘सत्तेचाळीस खुला’ हा निरोप तर त्याहून महत्त्वाचा. आपल्याकडे रस्ता बंद झाल्याचे सगळे सांगतात, उघडल्याचे कोणी सांगत नाही. बॅरिकेड रात्री दहाला निघाले आणि नकाशा सकाळपर्यंत ‘बंद’ दाखवत राहिला, असे दोनदा झाले की रिक्षावाला आणि टॅक्सीवाला त्या नकाशाकडे बघायचे सोडतात. नंतर तो खरे सांगू लागला तरी ते परत वळत नाहीत.

हे साचे नव्याने शोधायला नकोत. बंद रस्ते आणि घटनांसाठी वेझ या नकाशा-अ‍ॅपने ठरवलेला साचा आहे, युरोपात डेटेक्स-२ आहे, कामांसाठी अमेरिकेत डब्ल्यूझेडडीएक्स आहे. नकाशा कंपन्या अशी फीड, म्हणजे सतत ताजी होत जाणारी माहिती, घेतात. प्रत्येक खात्याने स्वतःचे वेगळे अ‍ॅप काढले तर प्रवासी एकही ठेवणार नाही. तो मुंबईहून किंवा सुरतेहून निघताना फोनमध्ये जो नकाशा उघडतो, त्यातच आपली माहिती दिसायला हवी.

खोदकामाचे दुखणे निराळे आहे. जलवाहिनी, भुयारी गटार, गॅसवाहिनी, वीजकेबल यांच्या परवानग्या निघतात, पण काम त्या तारखेला क्वचितच सुरू होते. परवानगीवरची तारीख तशीच नकाशावर टाकली तर मोकळा रस्ता बंद दिसतो आणि खोदलेला मोकळा. नोंदवहीतल्या क्रमांकाशिवाय परवानगी ग्राह्य धरू नये, आणि काम सुरू केल्याचा व रस्ता पूर्ववत केल्याचा फोटो जागेच्या नोंदीसह ठेकेदाराने पाठवल्याशिवाय अनामत सुटू नये. अनामत अडकली की नोंदी वेळेवर येतात.

आता वेग आणि प्रवासाच्या वेळेकडे. मुंबई-आग्रा महामार्गावर मोबाइलमधून मिळणारी वेगाची माहिती भरपूर आहे, पण उड्डाणपूल तिला फसवतो. फोनच्या जीपीएसला उंची नीट कळत नाही, आडवी चूकही पाच-दहा मीटरची असते. मुंबई नाका ते द्वारका या पट्ट्यात वरून ट्रक सुसाट जात असतात आणि खाली सर्व्हिस रोडवर गाड्या हलत नसतात. दोन्ही मिसळले की नकाशावर जो मधला रंग येतो तो वरच्यासाठीही खोटा आणि खालच्यासाठीही. त्यातच दुचाकी कोंडीतूनही फटीफटीने पुढे सरकतात, म्हणून त्यांचा वेग चारचाकीत मिसळला की कोंडी आहे त्याहून हलकी दिसते.

यावर उपाय म्हणजे उड्डाणपुलाच्या चढ-उतारांवर आणि खालच्या चौकांत नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे जोडीने लावून वरची आणि खालची वेळ वेगवेगळी काढणे. पहिल्या कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत त्याच गाडीला किती मिनिटे लागली, एवढेच मोजायचे. सरासरी काढू नका, मध्यक घ्या, म्हणजे सगळ्या वेळा क्रमाने लावून बरोबर मधली. मधेच मिसळ खायला थांबलेल्या चार गाड्या सरासरी बिघडवून टाकतात, मध्यकाला धक्का लागत नाही. फॅन्सी नंबरप्लेटा कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत, पण सगळ्या गाड्या जुळाव्यात अशी गरजही नसते. जुळलेल्या गाड्या फारच थोड्या असतील तेव्हा आकडा दाखवू नये, जागा कोरी ठेवावी. प्लेटचा क्रमांक मात्र साठवायचा नाही. रोज बदलणाऱ्या किल्लीने त्याचे सांकेतिक रूप करायचे आणि जुळणी झाली की पुसायचे. प्रवासवेळेसाठी लावलेल्या कॅमेऱ्यातून कोण कुठे गेले याचा साठा तयार होऊ लागला, तर व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचा प्रश्न उभा राहील आणि लोकांचा विश्वास त्याच्या आधीच जाईल.

आता सिटीलिंक या शहर बससेवेबद्दल. ८ जुलै २०२१ ला ही सेवा सुरू झाली, आणि बसवरच्या जीपीएसवरून थांब्यावर ‘बस किती मिनिटांत’ हे सांगणे तत्त्वतः सोपे आहे. अवघड आहे ते कोणती बस आत्ता कोणती फेरी करते आहे हे ठरवणे. एक बस बिघडली, दुसरी तिच्या जागी धावली, आणि ही बदली सर्व्हरला कोणी कळवली नाही, तर प्रवाशाला डेपोत उभी असलेली बस ‘येत आहे’ अशी दिसते. म्हणून फेरी आणि गाडी यांची गाठ वाहकाच्या तिकीट मशीनच्या लॉगिनला बांधावी. त्याने फेरी उघडली, ज्या बसमध्ये उघडली, तीच जोडी खरी. निमाणीसारख्या शेवटच्या थांब्यावर वेगळीच गडबड होते. बस तिथे दहा मिनिटे थांबलेली असते, अंतर शून्याजवळ असते, आणि अ‍ॅप पहिल्या थांब्यावरच्या माणसाला दहा मिनिटे ‘एका मिनिटात’ सांगत बसते. सुटण्याआधीच्या बससाठी अंतरावरून अंदाज काढू नका, वेळापत्रकातली सुटण्याची वेळ दाखवा आणि ‘अजून सुटलेली नाही’ असे शब्द लिहा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या थांब्यांना एकच नाव असले तरी सांकेतिक क्रमांक वेगळा हवा. नाहीतर नाशिकरोडकडे जाणारा माणूस पंचवटीकडची बस बघत उभा राहतो. वेळापत्रकासाठी जीटीएफएस आणि ताज्या स्थितीसाठी जीटीएफएस-रिअलटाइम हे जगभर चालणारे साचे आहेत. ताज्या फीडसाठीची शिफारस अशी की ती किमान दर तीस सेकंदांनी नवी व्हावी आणि गाडीची जागा नव्वद सेकंदांहून जुनी नसावी. दिल्लीने २०१८ मध्ये आपल्या बसची फीड खुली केली, तेव्हा ही गोष्ट देशात नवी नाही. वाहकांचा किंवा चालकांचा संप झाला तर ‘फेरी रद्द’ ही नोंदही याच फीडमधून जायला हवी. संपाच्या दिवशी अ‍ॅप वेळापत्रकाप्रमाणे बस येत असल्याचे सांगत राहिले, तर त्यापेक्षा ते बंद पडलेले परवडते.

आता फलक. फलक कुठे लावायचा हे तिथे वीज आहे का यावर ठरू नये. पुढे जिथे चालकाला रस्ता निवडायचा असतो, त्याच्या अलीकडे तो हवा. मुंबईहून येणाऱ्याने शहर टाळून शिर्डीकडे जायचे की नाही हे घोटीला ठरते, कारण तिथून सिन्नरचा रस्ता फुटतो. उड्डाणपुलावर चढायचे की खाली उतरायचे हे पाथर्डी फाट्याच्या आधी, म्हणजे विल्होळीलाच कळले पाहिजे. पुण्याहून येणाऱ्याला सिन्नरला, धुळ्याकडून येणाऱ्याला ओझरच्या पुढे आडगावच्या आधी, संभाजीनगरकडून येणाऱ्याला नांदूर नाक्याच्या आधी. द्वारकेच्या चौकात ‘द्वारका येथे कोंडी’ असा फलक लावणे म्हणजे कोंडीत अडकलेल्याला कोंडीची बातमी देणे.

ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. फलक दोनशे मीटरवरून वाचता आला तरी चालकाच्या हाती नऊ सेकंद येतात, आणि त्यातही नजर रस्त्यावर हवी. तीन ओळी, ओळीला तीन-चार शब्द, त्याहून जास्त नको. ‘द्वारका खालून २५ मिनिटे, पुलावरून ८’ अशी तुलना असली की चालक निर्णय घेतो. ‘वाहतूक नियमांचे पालन करा’ वाचून कोणी रस्ता बदलत नाही. सांगण्यासारखे काही नसेल तेव्हा फलक कोरा ठेवा. सदा सुविचार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दाखवणाऱ्या फलकाकडे खऱ्या गरजेच्या दिवशीही कोणी मान वर करत नाही.

देवनागरीची एक अडचण निविदेत आधीच लिहून घ्या. पुष्कळ फलकांच्या नियंत्रकांत अक्षरे जुळवणारी प्रणाली नसते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन बसते, जोडाक्षर फुटून पायमोडकी अक्षरे ओळीने उभी राहतात. सिंहस्थात सर्वांत जास्त वेळा लिहिला जाणारा शब्द ‘त्र्यंबकेश्वर’ आहे, आणि नेमका तोच सर्वांत आधी फुटतो. शिवाय मात्रा वर आणि उकार खाली असल्याने त्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षर लहान होते. ठरावीक संदेश चित्ररूपात तयार करून फलकात साठवावेत, आणि माल ताब्यात घेण्याआधी ‘त्र्यंबकेश्वर’, ‘द्वारका’, ‘सप्तशृंगी’, ‘विल्होळी’, ‘स्थिती’ हे शब्द भर दुपारच्या उन्हात दोनशे मीटरवरून वाचून बघावेत. हिंदी आणि गुजराती संदेशांनाही हीच कसोटी.

घाटात चुकीची माहिती मिळाली तर मागे वळता येत नाही. कसारा घाटात जुना आणि नवा असे दोन मार्ग आहेत. एका मार्गावर दरड आली किंवा कंटेनर उलटला की दुसऱ्यावर दोन्ही दिशांचा भार येतो. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून आमणेपर्यंत खुला झाल्याने आता पर्याय आहे, पण तो सर्वांसाठी नाही, कारण समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. ‘पर्यायी मार्ग : समृद्धी’ एवढेच लिहिले तर शेकडो दुचाकीस्वार इगतपुरीच्या नाक्यावर जाऊन परत फिरतील. पर्यायी मार्गाच्या प्रत्येक नोंदीत वाहनाचा प्रकार लिहायलाच हवा. शहरातही तेच. द्वारका टाळण्यासाठी सगळ्यांना एकाच वेळी इंदिरानगरच्या बोगद्याकडे वळवले तर कोंडी फक्त जागा बदलते. नाशिकरोडला जाणाऱ्याला एक मार्ग, पंचवटीला जाणाऱ्याला दुसरा, आणि अवजड वाहनांना दोन्हींवर मनाई, असे विभागून सांगावे लागते.

पुराचे गणित नाशिकला नवे नाही. लोक आजही गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले यावरून पूर मोजतात, आणि ते चुकीचे मुळीच नाही. पण गाडी लावायला गोदाघाटावर उतरणाऱ्या परगावच्या माणसाला ती खूण माहीत नसते. गंगापूर धरणाचा विसर्ग आणि होळकर पुलाजवळचा प्रवाह क्युसेकमध्ये जाहीर होतोच. गेल्या पुरांच्या नोंदींवरून जलसंपदा आणि पोलिसांनी मिळून एक तक्ता करावा : किती क्युसेकला घाटावरचे वाहनतळ रिकामे करायचे, किती क्युसेकला कोणता सखल पूल आणि कोणता रस्ता बंद करायचा. विसर्गाचा आदेश निघताच त्या तुकड्यांच्या नोंदी ‘नियोजित’ म्हणून आपोआप उघडाव्यात. पाणी रामकुंडापर्यंत यायला लागणारा वेळ हाच इशाऱ्यासाठी मिळणारा अवधी. तो फायली फिरवण्यात घालवू नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून ठरावीक भागातल्या मोबाइलवर संदेश जाऊ शकतो. तो पूर आणि गर्दीच्या धोक्यापुरताच राखून ठेवा. रोजच्या कोंडीसाठी वापरलात तर लोक तो न वाचताच पुसतील.

स्नानाच्या दिवसांसाठी तीन आठवणी पुरेत. २००३ मध्ये रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली. २०१५ मध्ये २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला बंदोबस्त इतका कडक झाला की भाविकांना लांबलांब चालावे लागल्याची टीका झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजकडे जाणारी वाहने मध्य प्रदेशातच थांबवावी लागली. तेव्हा बाहेरच्या वाहनतळांत किती जागा शिल्लक आहे, तिथून घाटाकडे जाणारी पुढची बस कधी आहे आणि उतरल्यावर किती चालायचे आहे, हे तीन आकडे माणूस घरून निघतानाच त्याला दिसले पाहिजेत. वाहनतळ नव्वद टक्के भरला की ‘भरला’ म्हणून जाहीर करा. शंभरावर जाहीर केले तर वाटेत असलेल्या गाड्यांना जागा उरत नाही. फोनला रेंज नसणार हे गृहीत धरून तीच नोंद आकाशवाणीच्या नाशिक केंद्राला, खासगी एफएमला आणि वाहनतळावरच्या ध्वनिक्षेपकाला त्याच मिनिटाला मिळावी.

या सगळ्याला माणसे लागतात, आणि निविदेत नेमकी तीच विसरली जातात. एक खुर्ची चोवीस तास चालवायची म्हणजे आठवड्याला १६८ तास. ४८ तासांच्या आठवड्याने साडेतीन माणसे, रजा आणि सुट्ट्या धरून पाच. दोन खुर्च्यांना दहा. त्यात प्रत्येक पाळीला पोलिसांचा एक अधिकारी हवा, ज्याला वरची परवानगी न मागता नोंद उघडता आणि मिटवता येईल. करारात माहितीची मालकी महापालिकेची, फीड खुली, आणि ठेकेदार बदलला तरी पत्ता तोच राहील अशी अट हवी. फलकांची वीज, सिमकार्ड आणि दुरुस्ती यांचा पाच वर्षांचा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरा.

कक्षाचे काम तीन आकड्यांवर तपासा आणि ते दर महिन्याला जाहीर करा. रस्ता बंद झाल्यापासून नोंद दिसेपर्यंत किती मिनिटे गेली, यासाठी आम्ही पाचची मर्यादा सुचवतो. उघडल्यापासून नोंद मिटेपर्यंत दहा. आणि बसची सांगितलेली वेळ खऱ्या वेळेपासून किती चुकली. अ‍ॅप किती जणांनी उतरवून घेतले हा आकडा यात नको.

पहिल्या अमृतस्नानाआधी तालमीला दिवस आहेत. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंग गडावर चैत्रोत्सव असतो, खासगी वाहने नांदुरीला थांबतात आणि एसटी गड चढते. त्याच आठवड्यात कामदा एकादशीला शहरात रथ निघतात. घाट आणि शहर दोन्ही एकाच आठवड्यात तपासून होतील. त्याआधी नोंदवहीचा साचा आणि तुकड्यांची यादी आमच्यासह सर्वांना पाहण्यासाठी खुली करावी. तपासून देण्याचे काम आम्ही विनामोबदला करू.

आपले,
नाशिकमध्ये वाहतूक नियोजन, नकाशे आणि माहिती-प्रणालीचे काम करणारे नागरिक